धारला नसलेल्या रेल्वेचं इंजिन

आमच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी मी दोन फुटी गेजच्या एका लहान औद्योगिक इंजिनाचं मॉडेल केलं. ते टेबलावर ठेवलं की लोक तीन प्रश्न विचारतात. कशाचं केलं? किती दिवस लागले? आणि हे धारचं की देवासचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: प्लास्टिकची शीट, पीव्हीसी पाइप, पितळेची तार आणि खराद्याकडून करून घेतलेली चाकं. दिवस म्हणाल तर एक पावसाळा आणि एक हिवाळा. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मंडळात चांगलीच वादावादी झाली. मॉडेल कसं बांधलं, कसं रंगवलं हे सांगता सांगता त्या वादाचंही सांगतो, कारण दोन्ही गोष्टी शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

आपल्याकडे कोणाची रेल्वे होती?

धार, देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती ही तिन्ही पवारांची संस्थानं. यांपैकी कोणीही स्वतःची छोटी रेल्वे उभारली नाही. शेजाऱ्यांनी मात्र उभारली. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि त्यातून खंडवा-इंदूर ही मीटर गेज लाइन झाली. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांनी दोन फुटी रेल्वेचं जाळंच विणलं. त्यातली ग्वाल्हेर-श्योपूर लाइन सुमारे २०० किलोमीटरची, आणि ती अगदी २०२० पर्यंत धावत होती. माधवरावांना या विषयाचा इतका नाद होता की जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची. तिच्यावरची सुरई कोणी उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची.

आपल्याला सगळ्यात जवळची म्हणजे शिंद्यांचीच उज्जैन-आगर लाइन. तीही दोन फुटी. १९३२ मध्ये सुरू झाली आणि आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये बंद पडली. देवासमधल्या म्हाताऱ्या माणसांना “छोटी गाडी” आठवते ती बहुतेक हीच. खुद्द देवास शहरात रेल्वे आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तीही मोठी लाइन. धारचा कापूस आणि अफू बैलगाडीने महू-इंदूरकडे जात असे. इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली, आणि मी हे मॉडेल बांधायला घेतलं तेव्हाही धारच्या लोकांना गाडी पकडायला इंदूर गाठावं लागत होतं.

मग धार-देवासच्या माणसाने छोटं इंजिन करायचं तरी कशाला? खरं सांगायचं तर लहानपणी ऐकलेल्या आगरच्या गाडीच्या गोष्टींमुळे. पण त्या लाइनच्या एखाद्या ठराविक इंजिनाचं मापासकट ड्रॉइंग माझ्या हाताशी नव्हतं. म्हणून मी निवडलं ठेकेदाराचं इंजिन.

ठेकेदाराचं इंजिन म्हणजे काय

फ्रान्समध्ये देकोव्हिल नावाच्या कारखानदाराने १८७० च्या दशकात तयार रुळांचे तुकडे विकायला काढले. दोन रूळ, खाली लोखंडी स्लीपर, सगळं जोडूनच यायचं. चार माणसांनी उचलायचं, जमिनीवर टाकायचं, पुढच्या तुकड्याला जोडायचं. काम संपलं की उचलून दुसरीकडे न्यायचं. धरणं, वीटभट्ट्या, खाणी, उसाचे मळे, सगळीकडे हे पसरलं. त्या रुळांवर चालतील अशी हलकी इंजिनं बनवणाऱ्यांत बर्लिनची ओरेन्स्टाइन अँड कोप्पेल ही कंपनी फार मोठी. १८७६ मध्ये स्थापन झालेली. मराठी माणसाला तिचं काम ठाऊक आहे, नाव ठाऊक नसेल एवढंच. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची पहिली इंजिनं याच कंपनीची होती.

माथेरानचं इंजिन सहा चाकी आणि खास घाटासाठी केलेलं. तीव्र वळणांवर टोकाची चाकं बाजूला सरकावीत अशी त्यात सोय होती. मी निवडलेला प्रकार त्याहून साधा आहे. चार चाकं, बाहेर दोन सिलिंडर, डब्याला जागाच नाही, कोळसा आणि पाणी इंजिनावरच. अशा कित्येक इंजिनांत पाण्याची टाकी चाकांच्या मध्ये, चौकटीच्या आतच असते. त्यामुळे वजन खाली राहतं आणि कच्च्या रुळांवर इंजिन कलंडत नाही. दोन्ही आसांमधलं अंतर कमी, म्हणून ते तीव्र वळण सहज घेतं. मॉडेल करताना हे कळून घ्यावंच लागतं, नाहीतर टाकी कुठे चिकटवायची हेच समजत नाही.

माप

माझं मॉडेल एका फुटाला १६ मिलिमीटर या मापाचं आहे, म्हणजे साधारण १:१९. नवशिक्याने हेच घ्यावं असं मी सुचवीन. दोन फुटी गेज बरोबर ३२ मिमी होतं, आणि त्या रुंदीचा मॉडेलचा रूळ तयार मिळतो. साडेपाच फुटी ड्रायव्हर ८८ मिमीचा. हिशेब तोंडी करता येतो. (बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल करायचं असेल तर गेज अडीच फुटी, म्हणजे ४० मिमी धरावं लागेल. छोटी गाडी म्हटली की सगळी एकाच गेजची नसते.)

बफरपासून बफरपर्यंत माझं इंजिन २५० मिमी आहे, म्हणजे प्रत्यक्षात पावणेपाच मीटरच्या आसपास. बॉयलरसाठी ४० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप चालला. गुणिले १९ केलं की ७६० मिमी, लहान इंजिनाला शोभेल असा. प्लंबिंगच्या दुकानात वीतभर तुकडा मागितला तर दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत.

बांधणी

चौकट दोन मिमी शीटची, बाकी अंग एक मिमीचं. शीट पूर्ण कापायची नाही. धारदार कटरने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि मोडायची, कड सरळ येते. पाइपला आणि शीटला एकच चिकटवण चालत नाही, तिथे इपॉक्सी वापरा. गुळगुळीत पाइप आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्या.

रिव्हेट हा या कामाचा जीव. पाव मिमीच्या पातळ शीटवर मागून रेघ आखायची, बोथट केलेल्या सुईने ठराविक अंतरावर दाब द्यायचा, म्हणजे पुढे दाणे उठतात. मग ती पट्टी टाकीवर चिकटवायची. माझी पहिली टाकी वाकड्या रांगेमुळे वाया गेली. रिव्हेटची रांग थोडी जरी हलली तरी नजर तिथेच जाते.

चाकं ३१ मिमी व्यासाची, आमच्या ओळखीच्या खराद्याने केली. त्याला कागदावर एकच गोष्ट ठळक लिहून द्या: दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर २८ मिमी. ते चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी रुळावर टिकत नाही. धुराड्याची टोपी आणि वाफेचा घुमटही त्याच्याकडूनच, पितळेत. आत लहान गिअरची मोटर आणि बॅटरी बसवली. पोरांचे रोबोटचे खेळ करतात तीच मोटर. वेग मुद्दाम कमी ठेवला, कारण असं इंजिन माणसाच्या चालीने चालायचं.

रंग

रंगात मी सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी मॉडेल भांड्याच्या साबणाने धुवा, बोटांचं तेल काढा. मग राखाडी प्रायमर. प्रायमरने चुका उघड्या पडतात: फट, ओरखडा, चिकटवणीचा डाग. त्या भरून परत प्रायमर. मी वरचा हिरवा रंग एनॅमलचा दिला आणि घाईने त्यावर गाड्यांचा ड्यूको मारला. दहा मिनिटांत सगळ्या केबिनला सुरकुत्या. ड्यूकोचा थिनर खालचं एनॅमल उचलतो. उलट क्रम चालतो, म्हणजे खाली ड्यूको आणि तो पूर्ण सुकल्यावर वर एनॅमल. मला सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं, त्यात तीन आठवडे गेले.

आपल्या माळव्याच्या हवेचंही बघावं लागतं. वैशाखात स्प्रे मारला तर रंग वाटेतच सुकतो आणि अंगावर पूड बसल्यासारखा खरखरीत होतो. श्रावणात ड्यूकोवर दुधाळ झाक येते. दिवाळीनंतरची सकाळ, ऊन थोडं वर आलं की, ही उत्तम वेळ. पातळ हात द्या, तीन-चार द्या.

काळा रंग डबीतला तसाच लावू नका. एवढ्या लहान वस्तूवर शुद्ध काळा डोळ्याला भोक पडल्यासारखा दिसतो. त्यात थोडा राखाडी आणि चिमूटभर तपकिरी मिसळा. धुराड्याखालचा भाग सगळ्यात तापतो, तिथे तेलकट चमक राहत नाही, तो मळका राखाडी ठेवा. चौकटीवर तेल, त्यावर धूळ. धुळीसाठी मी आपलीच काळी माती वस्त्रगाळ करून वापरली. वाफेच्या झडपेपाशी पांढरट ओघळ दिले, कारण जड पाणी जिथे उडतं तिथे क्षार साठतात. आपल्या घरच्या गिझरला विचारा.

पण मळवण्याचा मोह आवरावा. इंजिन घाण असलं तरी त्याची देखभाल करणारा माणूस होता. हँडल हाताने घासून चकचकीत असतं. घुमटाची पितळ पुसलेली असते. आणि खंडेनवमीला देवासच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये लेथला हळद-कुंकू लागतं, तसं मी धुराड्याखालच्या दारावर बारीक कुंकवाचं बोट लावलं. टेबलापाशी आलेले लोक बहुतेक तिथेच वाकून बघतात.

नाव कोणतं लिहायचं?

इंजिन तयार झालं, टाकीच्या बाजू कोऱ्या होत्या. मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “अहो, इथे ‘धार स्टेट रेल्वे’ लिहा की. काय शोभेल!” मी म्हटलं, काका, अशी रेल्वे नव्हती. ते म्हणाले, “कुठेतरी ठेकेदाराने रूळ टाकलेच असतील. तुम्ही नव्हतेच असं सिद्ध करा.”

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. उचलून नेण्याच्या रुळांचं वैशिष्ट्यच हे की ते मागे काही ठेवत नाहीत. नकाशात येत नाहीत, स्टेशन नसतं, तिकीट नसतं. पण “असू शकेल” आणि “होतं” यांत फरक आहे. आणि ठेकेदाराचे रूळ म्हणजे संस्थानची रेल्वे नव्हे, हा दुसरा फरक.

मी हटून बसलो त्याला कारण माझीच एक जुनी चूक. एका प्रदर्शनात मी नेरळच्या इंजिनाच्या छायाचित्राखाली घाईघाईत “माळव्यातली छोटी गाडी” असं लिहिलं होतं. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात तेच छायाचित्र, त्याच ओळीसकट, पुरावा म्हणून लावलेलं मला दिसलं. त्या मुलाचं काय चुकलं? त्याने आमच्यावर विश्वास ठेवला. छायाचित्राखालची ओळ निदान बदलता येते. इंजिनावर रंगवलेलं नाव मात्र प्रत्येक फोटोबरोबर जाणार, आणि सोबतची पाटी मागेच राहणार.

काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी घरी आले, मॉडेल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “नाव नको तर नको. नंबर तरी टाका.” म्हणून टाकीवर फक्त “२” आहे. ठेकेदाराकडे दोन इंजिनं असतील तर हे दुसरं, एवढंच.

मॉडेलच्या तळाला, पुसली जाणार नाही अशी, एक पितळी पट्टी स्क्रूने बसवली आहे: “दोन फुटी गेजचं चार चाकी औद्योगिक इंजिन. ओरेन्स्टाइन अँड कोप्पेल धर्तीचं. माप १:१९. धार किंवा देवासमधल्या कोणत्याही प्रत्यक्ष इंजिनाचं हे मॉडेल नाही.” तुम्ही मॉडेल करणार असाल तर अशी पट्टी पहिल्या दिवशीच लिहून काढा. आपल्याला नक्की काय ठाऊक आहे ते त्यात आधी ठरतं, आणि मग किती रिव्हेट द्यायचे, कोणता रंग द्यायचा हे ठरवणं बरंच सोपं जातं.

उज्जैन-आगर गाडीच्या इंजिनाचं स्वच्छ छायाचित्र, शक्यतो बाजूने घेतलेलं, कोणाच्या घरी असेल तर मंडळाला जरूर दाखवा. पुढचं मॉडेल त्याचं करायचं आहे, आणि त्या टाकीवर नाव लिहिता येईल.