आधी पकड, मग ठोसा

मेंढीकोटात हुकुमाचं पान पडलं की हात कोणाचा, हा वादच उरत नाही. ‘व्हॅम्पायर: दि इटर्नल स्ट्रगल’ या पत्त्यांच्या खेळात असं एकट्याने निकाल लावणारं पान शोधू नका. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९४ साली ‘जिहाद’ या नावाने आला आणि पुढच्याच वर्षी त्याला आजचं नाव मिळालं. खेळाडू पडद्याआड राहतात. टेबलावर त्यांचे व्हॅम्पायर कारवाया करतात, एकमेकांना अडवतात आणि अडवलं की लढतात. या लढाईत नवखा खेळाडू हमखास फसतो. जोरदार वाराची पानं गोळा करून तो बसतो आणि त्यातलं एकही त्याला धड वापरता येत नाही.

कारण लढाईची प्रत्येक फेरी टप्प्याटप्प्याने चालते. आधी अंतर ठरण्यापूर्वीचा क्षण, मग अंतर, मग वार निवडण्यापूर्वीचा क्षण, मग वार, त्यानंतर असले तर जादा वार, मग लढाई पुढे चालू ठेवायची की नाही याची ओढाताण (हिला ‘प्रेस’ म्हणतात) आणि शेवटी फेरीचा समारोप. लढाईचं प्रत्येक पान यातल्या आपल्या जागीच खेळता येतं. दर टप्प्यावर पहिली संधी असते कारवाई करणाऱ्याची. म्हणजे त्याला आपला वारही आधी सांगावा लागतो, आणि अडवणारा तो ऐकून आपला ठरवतो. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

आता एक लढाई सावकाश बघू. आपला व्हॅम्पायर नोस्फेराटू कुळातला आहे. ‘पोटन्स’, म्हणजे अचाट बाहुबळ, ही विद्या त्याला वरच्या पायरीपर्यंत येते. (प्रत्येक विद्येच्या दोन पायऱ्या असतात आणि एकाच पानावर दोन्हींचे परिणाम छापलेले असतात.) त्याची कारवाई टोरेडोर कुळातल्या एकाने अडवली आहे. या टोरेडोरवर ४ रक्त आहे, आणि त्याच्या मालकाच्या हातात ‘मॅजेस्टी’ आहे. हे पान वार म्हणून खेळलं जातं, पण त्याने इजा होत नाही. लढाईच तिथे संपते. लढाई संपवणारा वार इतर सगळ्या वारांच्या आधी लागू होतो. त्यामुळे आपण कितीही मोठा ठोसा जाहीर केला, तरी समोरचा शांतपणे मॅजेस्टी टाकतो आणि आपलं पान फुकट जातं.

म्हणून सुरुवात ठोशाने करायचीच नाही. अंतर ठरण्यापूर्वी ‘टॉर्न साइनपोस्ट’ टाकायचं. व्हॅम्पायरची मूळ ताकद १ असते, ती वरच्या पायरीवर २ ने वाढून ३ होते आणि लढाई संपेपर्यंत तशीच राहते. अंतर मुळात जवळचंच धरलेलं असतं. कोणी पवित्रा बदलून दूर सरकला नाही, तर ते जवळचंच राहतं. आता वार निवडण्यापूर्वी ‘इमॉर्टल ग्रॅपल’. हे पान फक्त जवळच्या अंतरावर चालतं आणि ते पडलं की त्या फेरीत हाताच्या माराशिवाय कोणताही वार करता येत नाही. मॅजेस्टी वार आहे, पण हाताचा मार नाही. ती हातात अडकून पडली!

मग ‘अनडेड स्ट्रेंग्थ’. वरच्या पायरीवर हाताच्या मारात २ ची भर, म्हणजे एकूण ५. टोरेडोरकडे साधा १ चा ठोसा उरला. तो आपल्याला लागतोच, कारण वार एकाच वेळी बसतात. पाचांपैकी ४ इजा टोरेडोर स्वतःचं चारही रक्त जाळून भरून काढतो. पाचवी भरता येत नाही, आणि तो टॉर्परमध्ये, म्हणजे मूर्च्छेत जातो. फेरीच्या शेवटी आपण ‘टेस्ट ऑफ व्हिटे’ टाकतो. समोरच्याने इजेपायी जितकं रक्त गमावलं तितकं आपल्याला मिळतं; इथे ४, आपल्या व्हॅम्पायरवर मावेल तेवढं.

चार पानं, चार वेगळ्या जागा. यातलं मला सर्वांत आवडतं ते ग्रॅपल, आणि त्याने स्वतः एका थेंबाचीही इजा होत नाही.

पण तेच पान उलटतंही. नोस्फेराटूला ‘अ‍ॅनिमलिझम’ ही प्राण्यांना कामाला लावणारी विद्याही येते. तिचं ‘एड फ्रॉम बॅट्स’ हे पान म्हणजे दुरूनही लागणारा १ चा वार, सोबत पवित्रा बदलायची सोय. चांगलंच पान आहे, पण वटवाघळं म्हणजे हाताचा मार नव्हे. ग्रॅपल टाकलंत की ती तुम्हालाच बंद! ही दोन्ही पानं एका गड्डीत भरभरून घालणं ही चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच विद्येतलं ‘कॅरियन क्रोज’ मात्र दोघांशी जमवून घेतं. ते अंतर ठरण्यापूर्वी खेळायचं असतं. कावळे मग दर फेरीत आपसूक टोचतात, वरच्या पायरीवर २ इजा. तो वार नसल्याने ग्रॅपल त्यांना अडवत नाही.

एका वाराला वाराचं पान एकच लागतं, दोन अनडेड स्ट्रेंग्थ एकत्र बांधता येत नाहीत. ब्रुहा कुळाकडे पोटन्ससोबत ‘सेलेरिटी’, म्हणजे विजेची चपळाई आहे. तिचं ‘ब्लर’ वरच्या पायरीवर दोन जादा वार देतं. साइनपोस्टची ताकद तिन्ही वारांना मिळते, अनडेड स्ट्रेंग्थची भर एकालाच: ५, ३ आणि ३, एकूण ११.

हातात पानं मात्र सातच असतात. गड्डी ६० ते ९० पानांची, एकाच पानाच्या कितीही प्रती चालतात, आणि पान टाकल्याबरोबर नवं उचलायचं असतं. साइनपोस्ट टाकल्यावर उचललेलं पान ग्रॅपल निघालं, तर ते त्याच फेरीत कामाला येतं. साइनपोस्ट उशिरा हाती आलं, तर त्या फेरीपुरतं ते मेलेलं. म्हणून गड्डी बांधताना पानावरचा इजेचा आकडा नंतर वाचा. ते कधी खेळता येतं, ती ओळ आधी वाचा.