फाइल ४ एमबीची, भार ४८ एमबीचा

लग्नसमारंभाचे फोटो दाखवणारं एखादं अँड्रॉइड अ‍ॅप दुरुस्तीला आलं, की मी आधी कोड वाचत बसत नाही. अँड्रॉइड ७ चा जुना फोन केबलने जोडतो, मेमरी प्रोफायलर लावतो आणि गॅलरी भराभर सरकवतो. आलेख चढत जातो, गार्बेज कलेक्टर धावला की जरासा खाली येतो, पुन्हा चढतो. मग गॅलरी अडखळते आणि अ‍ॅप बंद पडतं. लॉगमध्ये कारण असतं: आउट ऑफ मेमरी.

'फोटो तर चारच एमबीचे आहेत,' असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. तेवढे ते स्टोरेजमध्ये असतात. जेपेग म्हणजे आवळून बांधलेली वळकटी. दाखवायची तर उलगडावी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे रॅममध्ये ४८ एमबी. दहा फोटोंत ४८० एमबी गेले. अँड्रॉइड ८ पासून पिक्सेल जावाच्या हीपबाहेर, नेटिव्ह मेमरीत ठेवले जातात. त्याने मरण थोडं लांबतं, एवढंच. रॅम आटली की सिस्टीमच अ‍ॅप बंद करते.

उपाय दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत 'इनजस्टडिकोडबाउंड्स' चालू ठेवून फक्त लांबी-रुंदी वाचायची; पिक्सेलना हात लावायचा नाही. गॅलरीतला चौकोन ५०० पिक्सेल रुंद असेल, तर दुसऱ्या फेरीत 'इनसँपलसाइज' ८ द्यायचा. फोटो ५०० गुणिले ३७५ चा उलगडतो आणि पाऊण एमबीत बसतो. भार थेट ६४ पटींनी उतरतो.

मग कॅश. 'एलआरयूकॅश' बराच काळ न वापरलेला फोटो आधी काढते, पण तिला सांगितलं नाही तर ती बाइट न मोजता नग मोजते. 'साइजऑफ'मध्ये बाइट मोजायला लावले, तरच मर्यादेला अर्थ उरतो. पडद्याबाहेर गेलेल्या चौकोनाची मागणीही तिथल्या तिथे रद्द करावी.

ग्लाइडसारखी लायब्ररी हे सगळं करून देते. ती जरूर वापरा. मात्र तिच्याकडे मूळ आकाराचाच फोटो मागितलात, तर तीही तुम्हाला वाचवू शकत नाही. किती मोठा फोटो उलगडायचा हे फाइल बघून ठरवू नका, पडद्यावरचा चौकोन बघून ठरवा.