चटणीतलं आळं

परभणीकडच्या माझ्या आत्याच्या ताटात भाजी नसली तरी चालायचं. पण जवसाच्या चटणीला बोटाने आळं करून त्यात करडईचं कच्चं तेल ओतल्याशिवाय ती भाकरीचा पहिला तुकडा मोडत नसे. कोरडी चटणी घशात धरते, एवढंच तिचं म्हणणं. शहरातून सुट्टीला गेलेल्या आम्हा पोरांना ते कच्चं तेल नको वाटायचं. आम्ही वाटीतलं गोडेतेल मागायचो आणि ती 'खा बाई, तुला जे गिळेल ते' म्हणून सरकवायची.

आज लग्नसमारंभात, लिफ्टमध्ये, भिशीत, कुठेही चार माणसं जमली की प्रश्न निघतो, 'तुमच्याकडे तेल कोणतं?' कुणी ऑलिव्हवर आलेलं असतं, कुणी लाकडी घाण्यावर, कुणी सगळं सोडून तुपावर. या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचलं, घाणेवाल्यांशी बोलले, आणि प्रश्नच चुकीचा आहे या मतावर आले. चांगली स्निग्धता आपल्या स्वयंपाकात बाटलीतून कमी आणि बियांच्या डब्यातून जास्त येत होती. तो डबा मागे गेला आणि बाटली मोठी झाली.

आधी जवस. या बीमध्ये सुमारे चाळीस टक्के तेल असतं आणि त्या तेलातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतून मिळणाऱ्या ओमेगा थ्रीचा. हे मेदाम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. त्याच्या रेणूत तीन जागी दुहेरी बंध असतात आणि तिथे हवेतला ऑक्सिजन चटकन पकड घेतो. म्हणूनच जवसाचं तेल हवेवर घट्ट होऊन सुकतं. युरोपात ते रंगात आणि लिनोलियममध्ये गेलं, आपल्याकडे ते अळशीचं तेल म्हणून क्रिकेटच्या बॅटला चोपडलं गेलं. ज्या गुणामुळे ते बॅटवर सुकतं, त्याच गुणामुळे ते फोडणीला नालायक आणि लवकर खवट. यावर जुन्या बायकांनी काढलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. तेल बीमध्येच ठेवायचं, बी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायची, मीठ, तिखट, लसूण घालून कुटायची आणि थोडी थोडीच करायची. टरफल शाबूत असेतो तेल सुरक्षित राहतं. मात्र बी कुटली नाही तर ती आली तशी पोटातून निघून जाते. कोशिंबिरीवर अख्खे जवस भुरभुरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एक मोठा चमचा पूड, म्हणजे सुमारे सात ग्रॅम, खाल्ली की दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं. दिवसाची गरज जवळपास तेवढीच आहे.

आता करडई, कारण खरी गोष्ट तिची आहे. मराठवाडा, सोलापूर आणि नगरच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येणारं हे रब्बीचं पीक. मूळ खोल जातं, त्यामुळे पाणी द्यावं लागत नाही. काट्यांमुळे गुरं तोंड घालत नाहीत, म्हणून ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे टाकायचे. पानं कोवळी असताना भाजी, नंतर बोंडं. पण तेच काटे तिच्या मुळावर आले. काढणी पहाटे, दवाने काटे नरम असताना करायची, हातापायाला फडकी गुंडाळून. मजूर मिळेनासे झाले तसं पीक हटत गेलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या करडईवर वर्षानुवर्षं काम केलं, परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा वाण दिला. तरीही एकेकाळी लाखो हेक्टरांवर असलेली करडई आक्रसत गेली. तिची जागा हरभऱ्याने घेतली. खरिपात सोयाबीन आलं आणि गावातल्या दुकानात आयात पामतेलाचे पाऊच आले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आज बाहेरून येतं.

करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, हे ओमेगा सिक्स. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करण्यात ते वाकबगार, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरात करडईला 'हृदयाचं तेल' म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात एक प्रयोग झाला. हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला लोणी वगैरे कमी करून करडईचं तेल आणि त्याचंच मार्गरिन देण्यात आलं. त्यातली अडगळीत पडलेली आकडेवारी पुन्हा शोधून २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली गेली. करडईच्या गटात कोलेस्टेरॉल उतरलं होतं, पण मृत्यू जास्त झाले होते. १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८.

मी हे वाचलं तेव्हा आधी आत्या आठवली. ती नव्वदीच्या घरात गेली, पण एका आत्यावरून शास्त्र ठरत नाही. या प्रयोगावर आक्षेपही आहेत. मार्गरिनमधले ट्रान्स मेद, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारे अपायकारक मेद, हा त्यातला मोठा. अनेक हृदयतज्ज्ञ आजही संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेद घ्या असंच सांगतात, आणि एका अभ्यासावरून तो सल्ला मोडीत निघत नाही. मला त्यातून दिसलं ते वेगळं. सिडनीच्या त्या पुरुषांना करडई एकटी मिळाली, ओमेगा थ्रीची जोड न देता. ही दोन्ही मेदाम्लं शरीरात एकाच विकरासाठी, म्हणजे एन्झाइमसाठी, झगडतात. एकाचा पूर आला की दुसऱ्याला वाट मिळत नाही. आत्याच्या ताटात करडईच्या खाली जवस होते. हे तिने ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. शेतात जे पिकत होतं ते ताटात आलं, इतकंच. पण आपण त्या जोडीतलं एकच तेवढं उचललं, आणि तेही लिटरने.

असं घाऊक उचलणं आपल्याला नवं नाही. १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. शिवडीच्या कारखान्यात तेलात हायड्रोजन सोडून त्याचं तुपासारखं दाणेदार वनस्पती बनवलं जाई. त्याची तुपात भेसळ होऊ लागली, तेव्हा सरकारने वनस्पतीत तिळाचं तेल मिसळायची सक्ती केली, कारण प्रयोगशाळेत तिळाच्या तेलाला लाल रंग चढतो आणि भेसळ उघडी पडते. म्हणजे तीळ आपल्याकडे पंचनाम्यालाही कामी आले. पण त्या डब्यातल्या ट्रान्स मेदांचा पंचनामा व्हायला फार वर्षं गेली. तेल-तुपातल्या ट्रान्स मेदांवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती १ जानेवारी २०२२ पासून.

तुपाचं काय? पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दक्षिणेत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेच्या सुमारे सातपट निघाले, आणि स्निग्ध पदार्थ मात्र उत्तरेकडची माणसं कितीतरी जास्त खात होती, तेही बहुतांशी दुधातुपाचे. तुपाचे भक्त ही पाहणी आनंदाने पुढे करतात. पण उत्तर-दक्षिणेत तुपाखेरीज आणखी शंभर फरक असतात. मी एवढंच घेते की वरणभातावरच्या चमचाभर साजूक तुपाला घाबरायचं कारण नाही. वाटीभर तुपाला आहे.

लाकडी घाण्याबद्दल थोडं कडू बोलते. घाण्याचं आकर्षण जुनं आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांकरवी बैलघाण्यात सुधारणा केल्या, तीच 'वर्धा घाणी'. तेलरसायनाचे जाणकार के. टी. अचया यांनी तर घाण्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. घाण्याच्या तेलाला वास असतो, चव असते, इ जीवनसत्त्व आणि काही उपयुक्त घटक त्यात जास्त टिकतात. पण शेंगदाण्याचं तेल घाण्याचं असो की रिफाइंड, त्यातल्या मेदाम्लांचं प्रमाण जवळपास तेच राहतं. घाण्याचं तेल म्हणून दुप्पट ओतलं तर फायदा घाणेवाल्याचा. देशात दरडोई वर्षाला एकोणीस किलोंहून जास्त खाद्यतेल खपतं. तेल कोणतं, या चर्चेत ते किती, हा प्रश्न नेहमी बुडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रांतही सूर हाच आहे. तेल बेताने वापरा, मेदाम्लांची गरज तेलबिया, सुकामेवा, भरडधान्यं, कडधान्यं अशा विविध गोष्टींतून भागवा. मराठी स्वयंपाकघराला यात नवं काही शिकायचं नाही, विसरलेलं परत आणायचं आहे. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालतात ते नुसतं चवीला नाही. गाजरातलं कॅरोटीन स्निग्धतेशिवाय अंगी लागत नाही. दाण्यात जवळजवळ निम्मी स्निग्धता असते, सोबत पंचवीस टक्के प्रथिनं. अकोले-इगतपुरीकडे खुरासणी, म्हणजेच कारळे, आजही चटणीत आहेत. भोगीच्या बाजरीच्या भाकरीला लावलेले तीळ वर्षातून एकदाच का, हे मला कधी कळलं नाही. कोकणात बांगडा आणि तारली जवसाचंच काम जास्त सरळपणे करतात, त्यांतलं ओमेगा थ्री शरीराला तयार रूपातच मिळतं. मासे न खाणाऱ्यांसाठी जवस ही हाताशी असलेली चांगली वाट.

तर या दिवाळीत दोन कामं करा. चकल्या-चिरोट्यांचं उरलेलं तेल गाळून बरणीत भरून ठेवू नका. तापून तापून तेलात जे ध्रुवीय घटक साठतात, ते पंचवीस टक्क्यांवर गेले की खाद्यविक्रेत्यांना ते तेल कायद्याने टाकावं लागतं. घरात मोजायचं यंत्र नसतं, म्हणून कढईत मुळातच कमी तेल घ्या आणि उरलेलं पुन्हा तळणीला वापरू नका. दुसरं काम भाऊबीजेनंतरचं, गोडाने तोंड आंबल्यावरचं. पाव किलो जवस आणा, आठवड्यापुरतेच भाजून कुटा, लसूण हात सैल सोडून घाला. चटणी झाकणाच्या बरणीत, शक्यतो फ्रीजमध्ये. वाढताना मधोमध आळं करा. करडईचं तेल मिळालं तर उत्तम, नाही तर शेंगदाण्याचं चालेल. एक चमचा पुरे.