छोटी गाडी : नवी घ्यावी की वापरलेली?

आजचा विषय तसा साधा आहे, पण यावरून घराघरांत दोन तट पडतात. छोटी गाडी घ्यायची हे ठरलं. आता नवी घ्यायची की वापरलेली?

काही महिन्यांपूर्वी मला वडोदऱ्याहून फोन आला. आमच्या युनिटमधले सुभेदार साहेब, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. म्हणाले, "सर, एक सल्ला हवाय." वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटल घरापासून सात किलोमीटरवर. उपचाराचा खर्च माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून होतो, पण जाणं-येणं आपलं आपण करायचं. जाताना रिक्षा चालते. येताना वहिनींच्या अंगात त्राण नसतं, आणि पावसात रिक्षा मिळत नाही. म्हणून गाडी हवी. हाताशी पाच लाखांची मुदत ठेव. मोठी रक्कम म्हणावी अशी तेवढीच.

घरात तीन मतं होती. साहेबांचं स्वतःचं मत, ठेव मोडावी, एक लाखाचं कर्ज काढावं आणि सहा लाखांची नवी गाडी दारात आणावी. मुलाचं मत, ठेवीतले चार लाख राहू द्यावेत, एक लाख भरून पाच लाखांचं कर्ज काढावं. मेव्हण्याचं मत तिसरंच. दिल्लीत कुणाची तरी सात वर्षांची डिझेल गाडी दोन लाखांत मिळते आहे, ती आणावी.

फौजेत निर्णयाआधी कागद-पेन्सिल घेऊन 'ॲप्रिसिएशन' लिहायला शिकवतात. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, मार्ग किती आणि मग योजना. मी साहेबांना म्हटलं, आपण तेच करू. तुम्हीही वही घ्या.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, वर्षाला किती किलोमीटर चालणार? दुसरा, गाडी किती वर्षं ठेवणार? तिसरा, त्या काळात राज्य बदलणार का?

मॉडेल, रंग, टचस्क्रीन हे सगळं नंतर. बहुतेक लोक शोरूममध्ये आधी जातात आणि हे प्रश्न घरी परतल्यावर विचारतात. तोवर बयाणा देऊन झालेला असतो.

वर्षाचा खर्च काढा

गाडीची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. ज्या किमतीला घेतली त्यातून ज्या किमतीला विकाल ती वजा करा, आणि जितकी वर्षं ठेवलीत त्याने भागा. हा खरा आकडा. मी उदाहरणासाठी गोल आकडे घेतो, तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

नवी गाडी, रस्त्यावर येईपर्यंत सहा लाख. आठ वर्षं ठेवून १ लाख ८० हजारांना विकली. गेले ४ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला ५२,५००.

तीच गाडी तीन वर्षांत ३ लाख ७० हजारांना विकली, तर गेले २ लाख ३० हजार. वर्षाला जवळजवळ ७६,७००. गाडी तीच, पण लवकर विकली म्हणून वर्षाला चोवीस हजार जास्त गेले. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षांतच सगळ्यात वेगाने उतरते. विमा कंपन्यांचं कोष्टक बघा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के.

आता वापरलेली बघू. चार वर्षांची गाडी ३ लाख ३० हजारांना घेतली. टायर, बॅटरी, मोठी सर्व्हिस यांचे चाळीस हजार धरा. झाले ३ लाख ७० हजार. पाच वर्षांनी १ लाख ४० हजारांना विकली, तर वर्षाला ४६,०००. शिवाय नव्या गाडीपेक्षा दुरुस्तीचे वर्षाला आठ हजार जास्त धरले, तर ५४,०००.

बघितलंत? नवी गाडी आठ वर्षं वापरली काय आणि जुनी पाच वर्षं वापरली काय, वर्षाचा खर्च जवळपास सारखा. 'जुनी म्हणजे स्वस्त' हे सरसकट खरं नाही. फरक आहे तो पहिल्या दिवशी खिशातून किती जातात याचा. आणि तीन-चार वर्षांतच गाडी काढून टाकायची असेल, तर जुनी स्पष्टपणे पुढे आहे.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्या यात बसतात. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा, पण विकणाऱ्याच्या डोक्यात अजून जुनाच भाव असतो. मी एक अंदाज ठेवला आहे. जुनीची किंमत आणि सुरुवातीचा खर्च मिळून आजच्या नवीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा वर गेला, तर जुनी सोडून द्यायची.

हप्ता छोटा, व्याज मोठं

मुलाच्या योजनेत पाच लाखांचं कर्ज होतं. ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे १०,३८०. व्याजच १ लाख २२ हजारांवर जातं. पेन्शनीतून महिन्याला दहा हजार पाच वर्षं बाजूला काढायचे, तेही घरात आजारपण असताना! साहेबांना मी एवढंच विचारलं, "एखाद्या महिन्यात वहिनींना ॲडमिट करावं लागलं तर हप्ता कुठून द्याल?" ते गप्प राहिले.

जुन्या गाडीसाठी कर्ज काढणार असाल तर लक्षात ठेवा, त्याचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो. जुनी गाडी शक्यतो रोखीनेच परवडते.

राज्याची हद्द आणि माझी चूक

मेव्हण्याची दिल्लीची गाडी स्वस्त का? २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच पवित्रा घेतला. तेव्हापासून तिथल्या डिझेल गाड्यांच्या भावावर या मर्यादेची छाया आहे. पण ती गाडी गुजरातेत आणायची म्हणजे दिल्लीच्या आरटीओची एनओसी आणि गुजरातचा रस्ता कर नव्याने. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे तुमचेच. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला डिझेलचा फायदाही नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. १९९२ साली जबलपूरला असताना मी एक वापरलेली मारुती ८०० घेतली. विकणाऱ्याने फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि म्हणाला, "नाव सावकाश करा." मी तरुण कॅप्टन, कामाच्या गडबडीत नाव चढवलंच नाही. पुढे ईशान्येकडे पोस्टिंग आलं. एनओसी मागायला गेलो, तर कागदावर मालक दुसराच, आणि तो तोवर परदेशी गेलेला. गाडी अकरा महिने युनिटच्या शेडमध्ये उभी राहिली. टायर बसले, बॅटरी गेली. कुणी फसवलं नव्हतं, आळस माझा होता.

तेव्हा कागदाचे नियम लिहून घ्या. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज होतं का, ते आरसीवर बघा. होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. दुसऱ्या राज्यात न्यायची तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी. घेणाऱ्याने तीस दिवसांत आपलं नाव चढवण्यासाठी अर्ज करायचा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा. नाही तर तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

विकणाऱ्यांसाठीही एक वाक्य. नाव बदललं नाही आणि त्या गाडीने अपघात केला, तर नोंदीवरचा मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे.

मराठी माणूस नोकरीसाठी बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू असा फिरत असतो. कायद्याने गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथली नोंदणी घ्यावी लागते. सैन्यदल, सरकारी सेवा, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत नोकरी असेल, तर नव्या गाडीसाठी २०२१ पासून सुरू झालेली बीएच मालिका बघा. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा

वर्ष आधी बघा. चालकाची एअरबॅग आणि एबीएस २०१९ च्या मध्यापासून सगळ्या गाड्यांत सक्तीचे झाले, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ पासून. म्हणून माझा आग्रह २०२२ किंवा नंतरच्या गाडीचा.

सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून कळतं. धूर, आवाज, क्लच किती वर सुटतो ते बघा. टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवतो आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटा समजा. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. परिवहनच्या सरकारी ॲपवर नंबर टाकून विमा, पीयूसी आणि कर्ज बघा, थकलेली चलनंही तपासा. ओळखीच्या मेकॅनिकला हजार रुपये द्यावे लागले तरी सोबत न्या.

आणि पूर. २००५ ची मुंबई, २०१५ चं चेन्नई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यातच घुसलं होतं. बुडालेली गाडी वरून चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की गाळाचा डाग दिसतो. सीटखालचे रूळ गंजलेले असतात. गालिचा उचलून वास घ्या.

नवी कुणी घ्यावी?

माझ्या मुलीला मी नवीच घ्यायला सांगितलं. ती बंगळुरूला असते. वर्षाला अठरा हजार किलोमीटर, त्यात बेळगावच्या फेऱ्या, एका बाजूने पाचशे किलोमीटर. गाडी दहा वर्षं ठेवणार, नोकरी पक्की, हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्श्यात बसतो. लांबचा रस्ता, रात्रीचा प्रवास, वॉरंटीचा आधार आणि दीर्घ वापर. तिथे नवी गाडी आपले पैसे वसूल करते.

योजना

सुभेदार साहेबांचं उत्तर आम्ही दोघांनी मिळून काढलं. चाल थोडी, राज्य बदलायचं नाही, पाच वर्षांपलीकडचं आज ठरवता येत नाही, आणि हातचा पैसा संपवून चालणार नाही. गाडी बंद पडली तर त्या दिवशी रिक्षा करता येते, पण ठेव संपलेली असताना मोठं दुखणं आलं तर दुसरी सोय नाही. म्हणून वापरलेली, पेट्रोल, वडोदऱ्यातलीच, रोखीने.

पहिल्या गाडीच्या सीटबेल्टवर गाळ निघाला, ती सोडली. दुसरी एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याची, २०२२ ची. ३ लाख ३० हजारांना ठरली. टायर, बॅटरी, सर्व्हिस धरून ३ लाख ७० हजार गेले, १ लाख ३० हजार ठेवीत परत. नाव चढवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात दिला. तेवढं मात्र मी रोज फोन करून करून घेतलं.

परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, काल येताना पाऊस होता. ही मागच्या सीटवर झोपली आणि घर आल्यावरच उठली."

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकेल. आकडे तुमचे, गरज तुमची. शोरूमची किंवा बाजाराची पायरी चढण्याआधी ते तीन प्रश्न घरच्या सगळ्यांसमोर बसून सोडवा, एवढंच सांगणं.

जय हिंद.