एका नुक्त्याची गोष्ट

आमच्या गल्लीतल्या मोत्याला पहिली लस टोचली, तेव्हा तो माझ्या मांडीवर थरथरत होता. त्याच्याआधीचं पिल्लू डिस्टेंपरने गेलं होतं. लस आज देऊ, उद्या देऊ म्हणत मीच दिवस घालवले होते. मी कवितेचा माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला, पण लस शरीराला नेमकं काय सांगते, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडीना.

वाचता वाचता कळलं, हा मामला अक्षरांचाच आहे. डीएनए ही ए, टी, जी, सी अशा चार अक्षरांची लिपी. तिच्यात सीनंतर लगेच जी ही जोडी जीवाणूंमध्ये सर्रास आढळते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या डीएनएत ती कमी, आणि असली तरी तिच्या सीवर बहुधा मिथाइलची छोटी खूण असते. दादी उर्दू शिकवताना म्हणायची, ‘‘बेटा, नुक्ता सांभाळ, शब्द बदलतो.’’ पेशीही नुक्ताच पाहते. खूण दिसली तर घरचं, नसली तर परकं!

ही खूण नसलेली जोडी ओळखणारा टीएलआर-९ नावाचा पहारेकरी पेशीच्या आतल्या कप्प्यात बसलेला असतो. जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने २००० साली तो शोधला. त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेत आर्थर क्रीग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं होतं, की जोडीची अक्षरं उलटी केली किंवा खूण चढवली, तर परिणाम ओसरतो.

मग जीवाणू कशाला हवा? वीसेक अक्षरांची ओळ प्रयोगशाळेतच जुळवता येते. ती शरीरात लगेच तुटू नये म्हणून तिच्या कण्यात ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवतात. गंमत म्हणजे प्रत्येक प्राण्याची पसंती वेगळी. उंदराला ‘जीएसीजीटीटी’ भावते, तर माणसाला ‘जीटीसीजीटीटी’. कुत्र्याच्या पेशीही माणसाच्याच ओळीला दाद देतात. ती मिळाली की बी पेशींची संख्या वाढू लागते आणि इतर पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात.

डिस्टेंपरच्या नेहमीच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तिला ही हाक लागत नाही. पण जिथे विषाणूचा नुसता तुकडा टोचतात, तिथे शरीर काणाडोळा करू शकतं. तिथे ही ओळ दार ठोठावते. २०२१ च्या अखेरीस भारतात मंजूर झालेल्या कोर्बेव्हॅक्स या कोविड लशीत अशीच ओळ होती.

मात्र परीक्षानळीतली जाग म्हणजे औषध नव्हे. पहारेकरी अकारण ओरडत राहिला, तर दाह घरालाच होतो. मात्रा चुकली की कविताही बिघडते, श्रोतेहो!

मोत्या आता म्हातारा झालाय. दरवर्षी त्याच्या लशीची तारीख मी कवितेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.