पऱ्हाटीचा पांढरा कोळसा

कापसाची वेचणी संपली की चांदूर बाजारच्या शिवारात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग दिसू लागतात. थोडी चुलीत जाते, उरलेली धुऱ्यावर पेटवली जाते. कोरड्या पऱ्हाटीच्या एका किलोत साधारण 4,000 किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे हलक्या प्रतीच्या दगडी कोळशाइतकी. अडचण आहे ती आकारमानाची. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन भरत नाही आणि वाहतुकीतच पैसा संपतो.

म्हणून पऱ्हाटी आधी बारीक करायची, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा आणि यंत्रात जोरात दाबायची. दाबामुळे तापमान वाढते, लाकडातले लिग्निन मऊ होते आणि भुसा चिकटतो. वेगळा डिंक लागत नाही. हा दाबलेला भुसा म्हणजेच बॉयलरमध्ये जाणारा पांढरा कोळसा. शेतातून पऱ्हाटी लवकर हलली, तर वाळलेल्या बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीलाही आसरा राहत नाही. माझ्या मते शेतकऱ्याला हा फायदा पैशापेक्षा मोठा. सोयाबीनच्या कुटारावर मात्र इंधनाआधी पहिला हक्क जनावरांचाच.

बियांच्या तेलापासून इंधन करण्याची गोष्ट निराळी. करंजाच्या बियांचे तेल घट्ट असते. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यातून ग्लिसरीन वेगळे केले की पातळ बायोडिझेल मिळते. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. एवढ्या बिया गोळा कोण करणार, इथेच घोडे अडते. पऱ्हाटी निदान दरवर्षी शेतात आयती उभी असते.