जीवाश्म इंधने : अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाद्वारे अभ्यास

प्रबल चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली काही अणुकेंद्रे ठराविक कंप्रतेचे रेडिओ तरंग शोषून घेतात. या आविष्काराच्या साहाय्याने दगडी कोळसा, खनिज तेल व तेलयुक्त शेल यांची रासायनिक संरचना अभ्यासिली जाते. फेलिक्स ब्लॉक व ई. एम्. पर्सेल यांनी १९४६ मध्ये हा आविष्कार स्वतंत्रपणे दाखविला व १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

कोळसा कोणत्याही विद्रावकात पूर्णपणे विरघळत नाही. ऊर्ध्वपातन वा ऑक्सिडीकरण करून मिळालेली संयुगे मुळातच त्यात होती की विक्रियेत निर्माण झाली, हेही निश्चित सांगता येत नाही. नमुना न मोडता मिळणाऱ्या माहितीला म्हणूनच मोल आहे.

खनिज तेलाचे काम त्यामानाने सोपे असते. अणुकेंद्राभोवतालचे इलेक्ट्रॉन बाह्य क्षेत्र अंशतः अडवितात व त्यामुळे संकेताचे स्थान बदलते. बेंझीनसारख्या (ॲरोमॅटिक) वलयाला जोडलेल्या हायड्रोजनाचे संकेत शृंखलेतील हायड्रोजनापासून स्पष्टपणे वेगळे दिसतात. जे. के. ब्राउन व डब्ल्यू. आर. लॅडनर यांनी १९६० मध्ये कोळशापासून मिळणाऱ्या पदार्थांतील अशा वाटणीवरून कार्बनाच्या सांगाड्याचे अनुमान काढण्याची रीत मांडली.

कार्बनाचे प्रत्यक्ष निरीक्षण मात्र बराच काळ अवघड होते. संकेत देणारा कार्बन (१३) हा समस्थानिक निसर्गात केवळ सु. १.१% आढळतो आणि घन पदार्थात त्याचे संकेत पसरट होतात. नमुना क्षेत्राशी ५४.७° कोन करून वेगाने फिरविणे व हायड्रोजनाचे ध्रुवण कार्बनाकडे संक्रमित करणे, या दोन युक्त्या १९७० नंतरच्या दशकात एकत्र आल्यावर कोळशाच्या वर्णपटात दोन रुंद उंचवटे वेगळे दिसू लागले : एक ॲरोमॅटिक व दुसरा ॲलिफॅटिक कार्बनाचा. पहिल्याचे एकूण कार्बनाशी असलेले प्रमाण म्हणजे कोळशाची ॲरोमॅटिकता होय. लिग्नाइटापासून अँथ्रॅसाइटाकडे जाताना ती वाढते व अँथ्रॅसाइटात जवळजवळ सर्व कार्बन वलयांत असतो.

हे आकडे वाचताना सावधगिरी हवी. जवळपास हायड्रोजन नसलेल्या, वलयसमूहाच्या आतील कार्बनांकडे ध्रुवण पुरेसे पोहोचत नाही; शिवाय कोळशातील अयुग्मित इलेक्ट्रॉनांमुळे काही कार्बन दिसतच नाहीत. त्यामुळे ॲरोमॅटिकता प्रत्यक्षापेक्षा कमी भरण्याचा संभव असतो. कार्बन थेट उत्तेजित करणारी पद्धत वेळखाऊ असली, तरी मोजमापासाठी तीच अधिक विश्वसनीय ठरते. कोळशाचे द्रवरूप इंधन करताना किती हायड्रोजन पुरवावा लागेल याचा अंदाज अशा आकड्यांवरच बांधावयाचा असल्याने हा भेद क्षुल्लक नव्हे.

शेलमधील केरोजेनात याउलट ॲलिफॅटिक कार्बन महत्त्वाचा असतो. तापविल्यावर मिळणाऱ्या तेलाचे प्रमाण बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. म्हणून मूळ खडकाच्या वर्णपटावरूनच तेलाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो.